शेजारच्या फ्लॅटमध्ये आज कोण उतरलंय?

चार दिवसांसाठी अख्खं घर भाड्याने मिळणं म्हणजे सहीच! पण तेच घर आपल्या भिंतीला भिंत लावून असेल तर? न्यूयॉर्कने या प्रकाराला जगातला एक कडक लगाम घातला. त्याचं पुढे काय झालं आणि त्यात आपल्या कामाचं काय आहे?

एक सोप्पा प्रश्न. तुमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं?

'माहीत नाही' हे आपल्या पिढीचं ठरलेलं उत्तर. सकाळी आठला बाहेर, रात्री नऊला घरात, शेजाऱ्याशी ओळख फक्त लिफ्टमधली. पण आता त्यात आणखी एक उत्तर वाढलंय... 'आज नेमकं कोण आहे, देव जाणे!' सोमवारी चाकांच्या बॅगा ओढत एक जोडपं येतं, गुरुवारी जातं. शुक्रवारी रात्री सहा जणांचा ग्रुप स्पीकरसकट हजर. दारावरची नेमप्लेट गेली आणि कुलपाच्या जागी आकडे दाबायचं यंत्र आलं.

मंडळी, नाक मुरडू नका. गोव्यातल्या त्या व्हिलात स्पीकर घेऊन जाणारे सहा जण म्हणजे आपणच असतो. खरं तर या धंद्याच्या तिन्ही बाजूंना आपण आहोत. वीकेण्डला पाहुणे आपण. महिन्याचं भाडं भरताना मेटाकुटीला येणारे भाडेकरू आपण. आणि ईएमआय चालू असलेला दुसरा फ्लॅट रोजच्या भाड्याने दिला तर किती सुटतील, याचा हिशेब मांडणारे मालकही आपणच. (नाही तर आपले आई-बाबा!) म्हणून शहरांनी याला नियम लावावेत का आणि कसे, हे आपल्याला कळायला हवं. न्यूयॉर्क, बार्सिलोना, पॅरिस या शहरांनी त्यात भरपूर ठेचा खाल्ल्यात. त्यातली न्यूयॉर्कची गोष्ट मला थोडी जवळून बघायला मिळाली.

तीन गाद्या, तीन पाहुणे

गंमत बघा, हे सगळं सुरू झालं तेच मुळी भाडं परवडत नाही म्हणून! ऑक्टोबर २००७. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोन मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. भाडं वाढलं होतं आणि खिशात खडखडाट. त्याच सुमारास शहरात डिझायनर लोकांची मोठी कॉन्फरन्स भरली आणि हॉटेलं फुल्ल झाली. या दोघांनी घरात हवेच्या गाद्या फुगवल्या, सकाळी नाश्ता देऊ म्हणाले आणि माणशी रात्रीचे ८० डॉलर लावले. तीन पाहुणे आले. त्यातला एक जण चक्क आपल्या मुंबईचा, ॲरिझोनात डिझाइन शिकलेला. २००८ मध्ये नेथन ब्लेचार्झिक हा तिसरा पार्टनर आला आणि त्याची कंपनी झाली. तीच एअरबीएनबी. नावातला 'एअर' त्या हवेच्या गादीवरून आलाय.

या गोष्टीतली एक बारीकशी बाब लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे. पाहुणे आले तेव्हा यजमान त्याच घरात होते. घर त्यांचं राहतं होतं. पाहुण्यांमुळे त्यांच्या भाड्याला हातभार लागला, पण शहरातलं एकही घर कमी झालं नाही.

पुढे मात्र गणित बदललं. एक साधा हिशेब करू. समजा, एका फ्लॅटचं महिन्याचं भाडं ३० हजार आहे. तोच फ्लॅट रात्रीला तीन हजाराने गेला, तर १० रात्रींत भाडं वसूल. साफसफाई, वीज, ॲपचं कमिशन वजा केलं तरी महिन्यात १५-१६ रात्री भरल्या की मालक खूश. मग महिन्याचा भाडेकरू हवाय कुणाला? एकाला हे जमलं की तो दुसरा फ्लॅट घेतो, मग तिसरा. काही जण तर स्वतः फ्लॅट भाड्याने घेऊन तो पुढे रोजच्या रेटने चढवतात. यजमान घरातून गेला, उरला तो की-बॉक्स.

न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसने २०१४ मध्ये याचा हिशेब लावला. जानेवारी २०१० ते जून २०१४ या काळातली बुकिंग्ज त्यांनी तपासली, तर ७२ टक्के जागा नियमात बसत नसल्याचं दिसलं. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, दोनपेक्षा जास्त घरं चालवणारे धंदेवाईक यजमान होते फक्त ६ टक्के, पण एकूण कमाईतला ३७ टक्के वाटा त्यांच्या खिशात जात होता.

कायदा होता, पण दार कोण वाजवणार?

तुम्हाला वाटेल, न्यूयॉर्कसारख्या शहरात याला कायदा नव्हता? होता ना! राज्याने २०१० मध्येच ठरवलं होतं की, बऱ्याच बिऱ्हाडांच्या राहत्या इमारतीतलं घर ३० दिवसांपेक्षा कमी काळासाठी द्यायचं असेल, तर तिथे राहणारा माणूस घरात हजर हवा. म्हणजे गादी द्या, खोली द्या, पण तुम्हीही घरात राहा. पुन्हा तोच २००७चा मुद्दा!

अडचण होती ती पकडायची. ॲपवर घराचा नेमका पत्ता बुकिंग होईपर्यंत दिसत नाही. इन्स्पेक्टरने इमारत शोधायची, जिने चढायचे, दार वाजवायचं. पाहुणा म्हणाला, 'मी मित्राकडे आलोय,' की विषय संपला. बरं, तोपर्यंत पाहुणा विमानात आणि यजमान तिसऱ्याच शहरात. २०१६ मध्ये राज्याने अशा बेकायदा जागांच्या जाहिरातीवर ७,५०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. तरी जाहिराती काही थांबल्या नाहीत.

मग आला 'लोकल लॉ १८'. शहराने तो जानेवारी २०२२ मध्ये केला आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. नियम असे:

- ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर देणाऱ्याने महापौरांच्या अखत्यारीतल्या एका खास विभागाकडे नोंदणी करायची. फी १४५ डॉलर.
- पाहुणे राहतील तेवढे दिवस यजमानाने घरात राहायचं.
- एका वेळी पाहुणे जास्तीत जास्त दोन.
- पाहुण्यांना घरभर फिरता आलं पाहिजे, आतल्या दारांना कुलपं लावून घराचे तुकडे करायचे नाहीत.
- नोंदणी नसलेल्या घराचं बुकिंग ॲपने घ्यायचंच नाही. घेतलं तर प्रत्येक वेळी ॲपला १,५०० डॉलरपर्यंत दंड. नियम मोडणाऱ्या यजमानाला ५,००० डॉलरपर्यंत.

सगळी मेख त्या शेवटच्या कलमात आहे. लोकलमध्ये टीसी डबाभर फिरून विनातिकीट प्रवासी शोधतो, कधी सापडतो, कधी नाही. मेट्रोत ती भानगडच नाही. कार्ड लागलं नाही तर गेट उघडत नाही, बस्स! न्यूयॉर्कने नेमकं हेच केलं. इन्स्पेक्टरला दारोदार पाठवायचं सोडून पैसे भरण्याच्या जागी गेट बसवलं. नोंदणी नंबर शहराच्या यादीशी जुळला तरच बुकिंग पुढे सरकतं.

एअरबीएनबीने जून २०२३ मध्ये याविरुद्ध कोर्ट गाठलं. हे नियम म्हणजे आडून घातलेली बंदीच आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. ऑगस्टमध्ये कोर्टाने केस फेटाळली. 'इनसाइड एअरबीएनबी' हा प्रकल्प अशा घरांची मोजदाद ठेवतो. त्यांच्या आकड्यांनुसार कायदा लागू होण्याआधी शहरात थोड्या मुक्कामाच्या २२ हजारांच्या आसपास जागा होत्या. काही आठवड्यांत त्यातल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. कित्येकांनी तेच घर '३० दिवस किंवा जास्त' अशा अटीवर पुन्हा टाकलं.

नदीपलीकडचा मुक्काम

मे २०२४ मध्ये ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मी १० दिवस न्यूयॉर्कला गेलो, तेव्हा याचा ट्रेलर मला विमानात बसण्याआधीच दिसला. ॲपवर मॅनहॅटन टाकलं, तारखा टाकल्या आणि समोर आली मोजकी घरं. त्यातही बहुतेक ठिकाणी 'मालक सोबत राहतील'. हॉटेलचे रेट बघितल्यावर मी मुकाट्याने आतेभावाला फोन लावला. तो जर्सी सिटीत राहतो. "अरे, विचारतोस काय! ये की सरळ. तुझी वहिनी पोळी-भाजीचा डबाही देईल," दादा म्हणाला. आपल्या लोकांचं एअरबीएनबी हे असं. रेटिंग वगैरे काही नाही, फक्त येताना चितळ्यांची बाकरवडी आणायची!

दादाचं घर जर्नल स्क्वेअरजवळ. तिथून पाथची ट्रेन पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत मॅनहॅटन. दोन पावलांवर न्यूअर्क ॲव्हेन्यूवरचं 'इंडिया स्क्वेअर', म्हणजे डोसा, पाणीपुरी, साड्यांची दुकानं, सगळं काही. ही सोय पर्यटकांनाही कळलेली. न्यूयॉर्कचं गेट बंद झालं तशी बरीच गर्दी नदी ओलांडून इकडे वळली. सकाळी स्टेशनकडे निघालो की आमच्यासोबत चाकांच्या बॅगांचीही वरात निघायची.

जर्सी सिटीचा किस्साही ऐकण्यासारखा आहे. या शहराने २०१५ मध्ये अशा भाड्यांचं हौसेने स्वागत केलं होतं. हॉटेलांसारखा ६ टक्के कर घेतला आणि या म्हटलं. चार वर्षांत लोक वैतागले. २०१९ मध्ये महापालिकेने कडक नियम केले, तेव्हा ते ठेवायचे की नाही यावर चक्क मतदान झालं. एअरबीएनबीने प्रचारावर ४० लाख डॉलरच्या वर खर्च केला. तरी जवळपास ७० टक्के मतदारांनी नियमांच्या बाजूने कौल दिला.

"तुला राग येतो का रे या लोकांचा?" मी दादाला विचारलं.

"राग कसला? मीही फिरायला गेलो की असाच राहतो. पण काय होतं माहितीये, लाँड्रीत मशिन बंद पडलं, जिन्यात दिवा गेला, तर तक्रार करायला आम्ही चारच बिऱ्हाडं उरतो. बाकीच्यांना काय, ते परवा जाणार."

दादाचं हे वाक्य मला फार पटलं. भाड्याचे आकडे सगळे सांगतात. पण इमारत चालते ती तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांच्या कटकटीवर! पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत कुणीतरी मागे लागणारा हवा. रोज बदलणारा पाहुणा ते कशाला करेल?

मग भाडं उतरलं का?

आता लाखमोलाचा प्रश्न. एवढं करून न्यूयॉर्कचं भाडं स्वस्त झालं का? नाही, बॉस. दादाच्या मॅनहॅटनमधल्या ऑफिसमधली मुलं अजूनही तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतात.

कारण समजून घ्या. न्यूयॉर्कमध्ये साधारण ३७ लाख घरं आहेत. ॲपवरच्या जागा होत्या २२ हजारांच्या घरात. म्हणजे शंभरात एकही नाही. त्यातली सगळी घरं भाडेकरूंना मिळाली असती तरी समुद्रात बादली. शहराच्या २०२३च्या पाहणीत भाड्याच्या घरांपैकी रिकामी होती फक्त १.४१ टक्के, १९६८ नंतरचा हा नीचांक. ज्या शहरात पुरेशी घरं बांधलीच गेली नाहीत, तिथे एका कायद्याने भाडं उतरेल अशी आशा करणं म्हणजे डाएट कोक पिऊन वजन कमी होण्याची वाट बघणं.

हॉटेलवाल्यांचं मात्र फावलं. खोल्यांचे दर चढेच राहिले. अर्थात त्याला आणखीही कारण होतं. आश्रयासाठी आलेल्या हजारो स्थलांतरितांना शहराने त्या काळात हॉटेलांतच ठेवलं होतं, त्यामुळे खोल्या मुळातच कमी. पण हॉटेल लॉबी आणि हॉटेल कामगारांची युनियन या कायद्याच्या पाठीशी उभी होती, ती काही उगाच नाही.

आणि सगळ्यात जास्त फटका बसला तो छोट्या माणसाला. ब्रुकलिन, क्वीन्समध्ये कित्येकांची दोन बिऱ्हाडांची छोटी घरं असतात. वर स्वतः राहायचं, खालचा मजला अधूनमधून पाहुण्यांना देऊन कर्जाचा हप्ता भरायचा. पण खालचा मजला म्हणजे वेगळं घर. मालक वर असला तरी तो 'त्याच घरात' धरला जात नाही. दहा-दहा फ्लॅट चालवणारा आणि हा माणूस एकाच माळेत ओवले गेले. म्हणून तर नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराच्या कौन्सिलमध्ये अशा एक-दोन बिऱ्हाडांच्या घरांना सूट द्यावी, असा प्रस्ताव मांडला गेला.

थोडक्यात काय, तर कायद्याने इमारतींमधली वर्दळ कमी केली, घराचं हॉटेल करणाऱ्यांना चाप लावला. भाडं कमी करणं हे त्याचं काम नव्हतं आणि ते झालंही नाही. ज्या पुढाऱ्याने असं वचन दिलं असेल त्याला विचारा!

चौकट : कुणाचा लगाम किती घट्ट?

बार्सिलोना : जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातले १०,१०१ टुरिस्ट फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. दहा वर्षांत शहरातलं भाडं ६८ टक्क्यांनी वाढलं, हे त्यांनी दिलेलं कारण. पुढच्याच महिन्यात आंदोलकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक कोर्टानेही परवाने संपवायला वाट देणारा प्रादेशिक कायदा उचलून धरला.

पॅरिस : राहतं घर वर्षातून १२० रात्री देता यायचं. १ जानेवारी २०२५ पासून फक्त ९०. जाहिरातीत नोंदणी नंबर सक्तीचा.

ॲमस्टरडॅम : आधी वर्षाला ६० रात्री, २०१९ मध्ये त्या ३० वर आणल्या.

लंडन : २०१५ पासून वर्षाला ९० रात्रींची मर्यादा. पण सोबत नोंदणीची सक्ती केली नाही, त्यामुळे कोणाच्या किती रात्री झाल्या हे मोजताना पालिकांच्या नाकी नऊ आले.

जपान : जून २०१८ पासून नोंदणी सक्तीची आणि वर्षाला १८० दिवसांची मर्यादा. कायदा लागू होण्याच्या तोंडावर एअरबीएनबीने आपल्या यादीतल्या सुमारे ८० टक्के जागा काढून टाकल्या.

आपल्याकडे कायदा कोण? वॉचमनकाका!

आता येऊ आपल्या घरी. पुण्यात आजीचा एक वन-बीएचके आहे. आजी गेली, फ्लॅट रिकामा झाला. २०२४च्या दिवाळीत बाबांना एक एजण्ट भेटला. "काका, महिन्याच्या भाड्यात काय ठेवलंय? रोजच्या रेटने देऊ. चाव्या, सफाई, सगळं आम्ही बघतो. तुम्ही फक्त अकाउण्ट चेक करा." बाबांच्या डोळ्यांत चमक! आईचा एकच प्रश्न होता, "समोरच्या जोशीकाकू काय म्हणतील?" मला ते तेव्हा फारच मिडलक्लास वाटलं. पण जर्सी सिटीतल्या दादाचा आणि आईचा मुद्दा एकच होता की!

बाबांनी मला कामाला लावलं, "तू पत्रकार ना? बघ जरा कायदा काय म्हणतो." बघितलं. मुंबई-पुण्यात न्यूयॉर्कसारखा, म्हणजे रात्री मोजणारा किंवा ॲपला गेट बसवणारा नियम नाही. आहे ते असं. महिन्याच्या भाड्याचं लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेण्ट लेखी हवं आणि रजिस्टर हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चं कलम ५५ तसं सांगतं आणि ती जबाबदारी मालकाची. (११ महिन्यांचं असेल तर रजिस्टर नको, ही आपल्याकडची लोककथा आहे. विसरा ती!) परदेशी पाहुणा उतरवला तर २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवायचं. गोव्यात पर्यटकांना घर द्यायचं तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते.

आणि एक जुनी, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट म्हणजे 'निवास व न्याहारी'. एमटीडीसीची ही योजना कोकणात फिरलेल्या प्रत्येकाला माहीत असेल. पुढच्या दोन खोल्यांत आपण, मागे काका-काकू, सकाळी गरमागरम घावन. केंद्र सरकारचीही तशीच योजना आहे. घरातल्या सहा खोल्यांपर्यंत द्या, पण घरमालकाने कुटुंबासह तिथेच राहायचं. दिल्लीने तर २००७ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे ज्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गाद्या फुगवल्या जात होत्या, त्याच वर्षी आपल्या राजधानीने 'यजमान घरात हवा' हे लिहूनही टाकलं होतं. जगभरची शहरं आता फिरून याच मुद्द्यावर येताहेत.

पण मालक न राहणाऱ्या फ्लॅटचं काय? तिथे आपल्याकडे राज्य चालतं ते सोसायटीच्या कमिटीचं. आणि अंमलबजावणी अधिकारी कोण, तर गेटवरचे वॉचमनकाका. त्यांच्याकडची वही, त्यांचा मूड आणि सेक्रेटरींचा फोन, झाला कायदा!

यात मजा वाटत असेल तर थांबा. याच कमिट्यांचा अनुभव तुम्हीही घेतला असेल. २०१९ मध्ये अंधेरीतल्या एका सोसायटीत मी आणि माझा मित्र घर बघायला गेलो. डिपॉझिट ठरलं, मालक तयार. कमिटीने सांगितलं, 'बॅचलर चालणार नाहीत.' का? तर आधी वरच्या मजल्यावर रोज नवीन पोरं यायची, दंगा करायची. ती पोरं होती रोजच्या भाड्याची आणि शिक्षा झाली आम्हाला, ११ महिन्यांसाठी राहायला येणाऱ्यांना! नियम नसला की असंच होतं. कमिटी चाळणी लावत नाही, सरळ दारच लावून घेते. मग त्यात वीकेण्डचा ग्रुप अडकतो, नोकरी करणाऱ्या मुली अडकतात, एकटा राहणारा इंजिनीअरही अडकतो.

म्हणून मला वाटतं, स्वच्छ, लेखी नियम यावा ही मागणी सगळ्यात आधी आपल्या पिढीने करायला हवी. तो फार अवघडही नाही. एक, प्रत्येक घराला नोंदणी नंबर आणि तो नसेल तर ॲपने बुकिंग घ्यायचं नाही. न्यूयॉर्कचं गेट ते हेच. दोन, मालक त्याच घरात किंवा त्याच छोट्या इमारतीत राहत असेल तर त्याला मोकळीक. न्यूयॉर्कने इथेच हात जास्त आवळला. तीन, मालक राहत नसेल तर वर्षाला ठरावीक रात्री, त्यापुढे तो धंदा समजून धंद्याचे नियम. आणि चार, तक्रार करायला एक ठिकाण आणि त्याला उत्तर देणारा एक माणूस. एवढं असलं की सोसायटीला 'बॅचलर नकोत' म्हणायला निमित्तच उरत नाही.

बाबांच्या फ्लॅटचं काय झालं? तो दोन मुलींना दिलाय, दोघी हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. रजिस्टर्ड ॲग्रीमेण्ट, पोलिसांकडे माहिती, सगळं रीतसर. एजण्टच्या हिशेबापेक्षा महिन्याला पैसे कमी येतात, हे बाबा अजून अधूनमधून ऐकवतात. पण त्या मुली नाइट शिफ्टवरून आल्या की जोशीकाकू त्यांना पोहे नेऊन देतात. आईचं म्हणणं, हे एजण्टच्या हिशेबात कुठे होतं?

पुढच्या वेळी बुक करताना...

पाहुणे असाल तर : गोव्यात घर घेताना यजमानाला पर्यटन खात्याचा नोंदणी नंबर विचारा. परदेशात जात असाल तर त्या शहराचा नियम आधी वाचा. युरोपातल्या बऱ्याच शहरांत हा नंबर जाहिरातीतच दिसतो. नसेल तर ऐन वेळी बुकिंग रद्द होऊन रात्री बॅगेसकट रस्त्यावर यायची वेळ येऊ शकते. 'कुणी विचारलं तर मित्र आहे म्हणून सांगा' असा मेसेज आला, तर समजून जा!

भाडेकरू असाल तर : स्वतः भाड्याने घेतलेला फ्लॅट सुट्टीत ॲपवर टाकायची आयडिया सुचली असेल, तर आधी ॲग्रीमेण्ट काढा. दुसऱ्याला राहायला द्यायचं नाही, असं कलम त्यात बहुतेक असतंच. आठ दिवसांच्या कमाईपायी डिपॉझिट घालवू नका.

मालक असाल तर : एजण्टने दाखवलेल्या आकड्यातून कमिशन, सफाई, रिकाम्या रात्री आणि कर वजा करा आणि मग महिन्याच्या भाड्याशी तुलना करा. सोसायटीला लेखी कळवा. पाहुण्यांची ओळखपत्रं घ्या, परदेशी असतील तर २४ तासांचा नियम लक्षात ठेवा.

आणि सोसायटीत राहत असाल तर : एजीएमला जा. खरंच जा! रविवारी सकाळी अकराला झोप सोडणं जिवावर येतं, कबूल. पण या विषयावर तिथे फक्त रिटायर्ड काकाच बोलत असतील, तर निर्णयही त्यांच्याच सोयीचा होणार. 'भाडेकरू नकोत' असा ठराव कुणी मांडला, तर तो 'रोजचं भाडं लेखी नियमाने' असा दुरुस्त करून घ्या. तुम्ही भाडेकरू असाल तर तुम्हाला मत नसेल, पण तुमच्या मालकाला आहे. त्याला आदल्या दिवशी फोन करा.